मदत हवी आहे: कायटोसानचे मणी विरघळतायत, निकेल-क्रोमचं पाणी साफ कसं करू?

नमस्कार मंडळी,

मी रसायनशास्त्रात एमएस्सी करतेय. साकीनाक्याला मामाचा प्लेटिंगचा गाळा आहे. लोखंडी कड्या-कोयंडे ॲसिडमध्ये साफ करायचे, त्यावर निकेल, वर क्रोम. प्रत्येक वेळी माल धुतात आणि धुण्याचं सगळं पाणी एकाच टाकीत जमतं. मामा त्यात चुना टाकून गाळ बसवतो, तरी वरचं पाणी पिवळंच राहतं. मागचा नाला पुढे मिठी नदीला मिळतो, म्हणून मला हे असं सोडवत नाही.

धातू पकडायला मी कायटोसान (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासूनचा पदार्थ) २ टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळवून त्यात बेंटोनाइट माती घोटली आणि सिरिंजने थेंब-थेंब कॉस्टिकच्या पाण्यात सोडलं. छान गोल मणी झाले. लॅबमध्ये निकेल सल्फेटच्या पाण्यात, पीएच ६ ला, उत्तम चालले. मणी हिरवट झाले आणि उरलेल्या पाण्याला डीएमजीचा (निकेल ओळखायचं रसायन) लाल साका जेमतेम आला. मग गाळ्यातलं चुना टाकण्याआधीचं पाणी आणलं, पीएच अडीच. अर्ध्या तासात मणी फुगले, चिमटीत धरला तर शिजलेल्या साबुदाण्यासारखा चेपला. सकाळी बीकरमध्ये नुसता चिखल.

ग्लुटाराल्डिहाइड (कायटोसानच्या साखळ्या एकमेकींना बांधणारं रसायन) घालून टिकतील का? आणि निकेल, क्रोम दोन्ही एकाच मण्याने निघेल का? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, कायटोसान ॲसिडमध्ये विरघळतं म्हणूनच तर तुम्हाला मणी पाडता आले. तसल्या पाण्यात ते परत विरघळणारच. ग्लुटाराल्डिहाइडने टिकतील, पण हात राखून घाला. ते कायटोसानच्या ज्या अमाइन गटांना (नायट्रोजनवाल्या टोकांना) धरतं, तेच गट धातूही पकडतात.

त्याआधी पाणी वेगळं करा. निकेल धनभारित, त्याला पीएच ५-६ लागतो. ॲसिडमध्ये हायड्रोजनच त्याची जागा अडवतो. क्रोम ६ (क्रोमचं विषारी, पिवळं रूप) ऋणभारित, ते ॲसिडमध्येच चांगलं पकडलं जातं. एका टाकीत दोघांचं जमत नाही. शिवाय क्रोम ६ चुन्याने खाली बसतच नाही, तुमचा पिवळेपणा तोच. क्रोमचं धुणं वेगळ्या ड्रममध्ये घ्या, पीएच २ ते ३ ठेवून सोडियम मेटाबायसल्फाइट घाला. पाणी हिरवट झालं की क्रोम ३ (कमी विषारी रूप) झालं, मग चुन्याने पीएच साडेआठ करा, गाळ बसेल. घालताना सल्फर डायऑक्साइड सुटतो, शटर पूर्ण उघडं ठेवा, मास्क लावा. मर्यादा लिटरला क्रोम ६ ची ०.१ मिलिग्रॅम, निकेलची ३. मणी निकेलच्या पाण्याला, तेही अगदी शेवटी वापरा. वापरलेले मणी आणि गाळ घातक कचरा धरतात, पालिकेच्या डब्यात टाकू नका.

धागाकर्ती

खूप आभार, दादा. पिवळेपणाचं कोडं सुटलं! गाळ्यात जागा फार कमी आहे, पण एक ड्रम जिन्याखाली मावेल. मामाशी आजच बोलते. फक्त एक सांगा, अमाइन गट वाचवायचे तर मणी ग्लुटाराल्डिहाइडमध्ये किती वेळ ठेवू?