परदेशातील प्राचीन वास्तू पाहताना : आपले अनुभव लिहावेत

निपाणीकर : गेल्या रविवारी पाहुण्यांना घेऊन खिद्रापूरला गेलो होतो. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात, छताच्या वर्तुळाकार मोकळ्या जागेखालच्या गोल शिळेवर उभा राहिलो आणि रोममधील पँथिऑन आठवले. सम्राट हेड्रियनच्या काळात, इ. स. १२६ च्या सुमारास पूर्ण झालेल्या त्या मंदिराच्या घुमटाचा व्यास सुमारे ४३ मीटर असून माथ्यावर जवळजवळ ९ मीटर रुंदीचा झरोका आहे. घुमटात लोखंडी सळई नाही. वर जावे तसतसे काँक्रीटमध्ये हलके दगड वापरून वजन कमी केले आहे. आपणही बाहेरदेशी असे काही पाहिले असल्यास सविस्तर लिहावे.

खानापूरकर : कंबोडियातील अंगकोर वाटविषयी लिहितो. शिल्पांचे कौतुक सगळेच करतात. माझे लक्ष मात्र झिजलेल्या कोपऱ्यातून डोकावणाऱ्या जांभ्याकडे गेले. आत जांभा आणि बाहेर कोरीव वालुकाश्म, अशी ती रचना आहे. आमच्या भागात घरे, गडगे, विहिरी सारे जांभ्याचेच असल्याने परक्या मुलखात ओळखीचे माणूस भेटावे तसे झाले. वालुकाश्माच्या चिऱ्यांवर बोट जाईल एवढी गोल छिद्रे दिसतात. दगड उचलण्यासाठी त्यांत लाकडी खुंट्या ठोकीत असत. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने बांधलेले हे मूळचे विष्णुमंदिर पश्चिमाभिमुख आहे आणि तेथील शिल्पपट अप्रदक्षिण क्रमाने पाहावे लागतात. समुद्रमंथनाचा पट सुमारे ४९ मीटर लांबीचा आहे. तेथे घाई करू नये.

चिकोडीची सून : आम्ही सासूबाईंसह गिझाला गेलो होतो. खुफूच्या पिरॅमिडमधील चढती वाट जेमतेम चार फूट उंचीची असल्याने कमरेत वाकूनच चढावे लागते. पुढे एकाएकी २८ फूट उंचीचे दालन लागते, तेव्हा पाठ सरळ होते. वरच्या ग्रॅनाइटच्या खोलीत झाकण नसलेली रिकामी शवपेटी तेवढी आहे. सासूबाईंनी ती पाहून, "एवढं वाकवून आणलंत ते हे दाखवायला?" असे विचारले. हा ग्रॅनाइट नाईल नदीतून शेकडो मैलांवरच्या अस्वानहून आणल्याचे सांगितल्यावर मात्र त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. दोन चिऱ्यांमधील सांधा नखालाही लागत नाही.

शहापूरकर : वहिनी, आपल्या सासूबाईंना आमचा नमस्कार सांगावा. गुडघे दुखणाऱ्यांनी अंगकोरचा सर्वांत वरचा मजलाही विचारपूर्वक चढावा, कारण तेथील जिना फार उभा आहे. खांदे व गुडघे झाकणारे कपडे नसल्यास वर सोडत नाहीत.

हुक्केरीकर : जॉर्डनमधील पेट्रा येथे सुमारे सव्वा किलोमीटरची अरुंद घळ चालून गेल्यावर 'खजिना' म्हणून ओळखली जाणारी वास्तू समोर येते. वेरूळच्या कैलासाप्रमाणे तीही वरून खाली कोरत आणली आहे. माथ्यावरच्या दगडी कलशात धन असेल या समजुतीने लोकांनी त्यावर गोळ्या झाडल्या होत्या. त्यांच्या खुणा आजही दिसतात. कलश भरीव आहे, हे निराळे सांगायला नको.

अथणीकर : निपाणीकर काका, पावसात पँथिऑन बंद ठेवतात काय? जूनमध्ये जाण्याचा विचार आहे.

निपाणीकर : सहसा बंद ठेवत नाहीत. झरोक्याखालचा भाग दोरी लावून अडवतात. फरशीला उतार व बारीक छिद्रे असल्याने पाणी निघून जाते. मात्र जुलै २०२३ पासून प्रवेशासाठी तिकीट आहे, ते आधीच काढून ठेवावे.