एव्हान्गेलियनमधले क्रूस काढून टाकले, तर मालिकेचं काय बिघडेल?

घाटावरचा_रोबो (धागाकर्ता)

आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोयीचं. 'निऑन जेनेसिस एव्हान्गेलियन' ही माझी अत्यंत आवडती मालिका आहे, आणि तिच्यातलं पुराण ही निव्वळ रंगरंगोटी आहे असं माझं मत आहे. खाली भरपूर रहस्यभेद आहे. ज्यांना पाहायची आहे त्यांनी इथूनच परत फिरावं.

ज्यांना पाहायची नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ऑक्टोबर १९९५ ते मार्च १९९६, टीव्ही टोकियो, २६ भाग, दिग्दर्शक हिदेआकी आन्नो. २००० साली अंटार्क्टिकावर महास्फोट होऊन अर्धी मानवजात संपलेली आहे. आता २०१५ साल आहे. हाकोनेच्या डोंगरात वसवलेल्या तोक्यो-३ या शहरावर 'एंजल' म्हणवले जाणारे अवाढव्य जीव एकामागोमाग चालून येतात. त्यांच्याशी लढतात 'एव्हा' नावाचे महाकाय रोबोट, आणि ते चालवतात चौदा वर्षांची पोरं. नायक शिंजी. त्याला बापाने लहानपणीच दुसऱ्याच्या दारात सोडून दिलेलं असतं, आणि आता काम पडलं म्हणून एक चिठ्ठी पाठवून बोलावून घेतलेलं असतं.

यावर पुराणांचा मारा असा: एंजल मेला की आकाशात क्रूसाच्या आकाराचा स्फोट. तळघरात क्रूसावर खिळलेली लिलिथ. क्रूसावरच्या येशूच्या कुशीत खुपसला म्हणतात तो लाँगिनसचा भाला. मृत समुद्राजवळच्या गुंडाळ्या. बापाच्या कचेरीच्या छतावर कबाला या ज्यू गूढविद्येतला सेफिरोथ वृक्ष. महासंगणकांची नावं मेल्किओर, बाल्थासार आणि कॅस्पर, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेले तीन ज्ञानी.

आता हे सगळं काढा. एंजलांना 'लक्ष्य ३', 'लक्ष्य ४' म्हणा. स्फोट गोल करा. काय बदललं? बाप तसाच, पोरगा तसाच. एव्हाची वायर तुटली की बॅटरीवर पाच मिनिटं, ती धाकधूक तशीच. हे माझंच डोकं चाललंय असंही नाही. सहायक दिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी यांनी जाहीरपणे सांगितलंय की जपानमध्ये रोबोटच्या मालिका ढीगभर, त्यांत वेगळं दिसावं म्हणून ख्रिस्ती चिन्हं घेतली, ती दिसायला भारी वाटली, चमूत ख्रिस्ती कुणीच नव्हतं आणि त्यामागे ख्रिस्ती अर्थ काही नाही.

त्यापेक्षा २००२ ची 'राह्झेफॉन' बघा. अ‍ॅझ्टेक लोकांची समजूत अशी की जग चारदा निर्माण होऊन मोडलं, आणि आपण पाचव्या सूर्याखाली राहतो. त्या मालिकेत जग नव्याने 'सुरात लावणं' हेच कथानक आहे. तिथून पुराण उपसलंत तर हातात काही उरत नाही. एव्हामध्ये सगळंच उरतं. मग त्या क्रूसांवर तीस वर्षं प्रबंध कशाला पाडायचे?

---

निवांत_बोका

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पंचवीस प्रतिसादांच्या आत कुणीतरी महाभारतातली अस्त्रं काढणार, पैज.

---

मुलुंडची_मिसातो

असहमत, आणि त्सुरुमाकींचं ते वाक्य आता पुरे झालं. प्रत्येक धाग्यावर तेच फेकून मारतात लोक. चमूतला एक माणूस म्हणाला की आम्ही गंमत म्हणून घेतलं, म्हणून ते गंमत म्हणूनच वापरलं गेलं असं होत नाही. पडद्यावर काय आहे ते बघू या ना.

इस्राफेल हा इस्लामी परंपरेत कर्णा फुंकणारा फरिश्ता. नवव्या भागात याच नावाचा एंजल येतो, आणि त्याला हरवायला शिंजी आणि दुसरा एव्हा चालवणारी पोरगी असुका यांना काय करावं लागतं? गाण्याच्या ठेक्यावर ६२ सेकंदांचा नाच, एकही पाऊल न चुकवता.

सँडालफोन: कबालावाद्यांच्या मते गर्भातल्या जिवाशी जोडलेला देवदूत. मालिकेत तो असामा ज्वालामुखीच्या लाव्हारसात सापडतो, कोशातल्या गर्भासारखा.

लेलिएल रात्रीचा. तो येतो तेव्हा आकाशात तरंगणारा गोळा ही त्याची सावली असते, आणि जमिनीवर पसरलेला काळोख हे त्याचं खरं शरीर.

मातारिएल पावसाचा. तो डोळ्यांतून आम्ल गाळतो.

आणि शेवटचा ताब्रिस, म्हणजे पोराच्या रूपात येणारा काओरू. स्वतंत्र इच्छेचा देवदूत. चोविसाव्या भागात तो शिंजीच्या एव्हाच्या मुठीत असतो आणि 'मला मार' हा निर्णय स्वतः घेतो. बेथोव्हेनची नववी सिंफनी चालू, चित्र मिनिटभर गोठलेलं. तुम्ही त्याला 'लक्ष्य १७' म्हणून पाहा आणि मग सांगा काही बदललं नाही म्हणून.

कुणीतरी बसून देवदूतांचा कोश चाळलाय हे उघड आहे. रंगरंगोटी करणारा माणूस एवढी मेहनत घेत नाही.

---

घाटावरचा_रोबो

@मुलुंडची_मिसातो, यादी छान आहे, पण ती माझ्याच बाजूने जाते. नाव बघून राक्षसाची कल्पना सुचली, इतकंच सिद्ध होतं. पावसाचा देवदूत म्हणून आम्लाचे थेंब, हा कल्पक शब्दखेळ झाला. त्याला आशय म्हणत नाहीत. ज्याला नावामागची गोष्ट ठाऊक नाही त्याला तो नाच तितकाच आवडतो. मलाही इस्राफेल कोण हे नंतरच कळलं.

काओरूचा मुद्दा मात्र वजनदार आहे. तो बाजूला ठेवतो.

---

डॉक्टर_हेल_पंखा

तुम्ही दोघंही ९५ पासून सुरुवात करताय हीच गडबड. महाकाय रोबोट आणि पुराण यांचं लग्न त्याच्या फार आधीचं. १९७२ ची 'माझिंगर झेड' घ्या, गो नागाई यांची. खलनायकाला ग्रीसकडच्या बेटावर प्राचीन मायसिनी लोकांचे यंत्रराक्षस सापडतात तिथून सगळं सुरू होतं, आणि नायकाला आजोबा मरताना सांगतात की हे यंत्र हाती असेल तर तू देव होशील नाहीतर सैतान. १९७५ च्या 'रायदीन'मध्ये बुडालेला मू खंड. १९८० च्या 'इदेऑन'मध्ये तर रोबोटच्या आत जी शक्ती आहे ती शेवटी सगळ्यांचाच निकाल लावते, आणि आन्नो त्या मालिकेचे जाहीर भक्त आहेत.

सांगायचं एवढंच की एवढ्या मोठ्या पुतळ्यात माणूस बसवला की देवाचा विषय निघतोच. कुठल्या धर्माची नावं द्यायची, हा फक्त त्या त्या काळातल्या आवडीचा प्रश्न.

---

वसईची_लेक

मी वसईची, कॅथलिक. लहानपणी दर रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात बसलेय, म्हणून दोन शब्द. ही मालिका २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आली तेव्हा भावाबरोबर पाहिली. मला राग वगैरे काही आला नाही. पण भयही वाटलं नाही, आणि ते वाटायला हवं होतं बहुधा. आमच्याकडे क्रूस वेशीवर असतो, आळीत असतो, त्याला हार असतो, मेणबत्ती असते. तो गूढ नाही. जपानी प्रेक्षकाला तो परका म्हणून गूढ वाटला, आणि दिग्दर्शकाला तेच हवं होतं. म्हणजे मी धागाकर्त्याच्या बाजूने.

मला चटका लावून गेले ते महासंगणक. तीन ज्ञानी वगैरे सोडा. ते बनवणारी डॉक्टर नाओको मरण्याआधी त्या तीन यंत्रांत स्वतःचे तीन भाग घालून ठेवते: शास्त्रज्ञ, आई आणि बाई. १९९७ च्या चित्रपटात तिची मुलगी रित्सुको सगळं उडवून द्यायची आज्ञा देते आणि तिसरं यंत्र, 'बाई' असलेलं कॅस्पर, नकार देतं. मेलेली आई पोटच्या पोरीऐवजी प्रियकराची, म्हणजे शिंजीच्या बापाची, बाजू घेते! त्या प्रसंगात बायबलचं काय आहे? काही नाही. तिथे सोन्या-धूपाच्या भेटी आणणाऱ्या कुणाची आठवणसुद्धा होत नाही.

---

अश्दोदकर

आम्ही बेने इस्रायली. आजी-आजोबा अलिबागकडचे, मी वाढलो इस्रायलमध्ये. घरात मराठी अजून टिकून आहे, पण लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

सेफिरोथचा वृक्ष छतावर रंगवलेला बघून मला हसू आलं, ते सोडून देऊ. लिलिथचं मात्र सोडता येत नाही. ज्यू लोककथांमध्ये लिलिथ म्हणजे आदामाची पहिली बायको, त्याला सोडून गेलेली, आणि पुढे बाळंतिणीच्या खोलीत शिरून तान्ही पोरं नेणारी. तिच्यापासून राखण म्हणून कित्येक ठिकाणी पाळण्याजवळ ताईत टांगायचे. तिच्या पोरांना लिलिन म्हणतात, ती भुतं.

आता मालिका काय करते बघा. तिच्यात माणूसजात हीच लिलिन आहे. अठरावा एंजल म्हणजे आपण. आदामाची लेकरं बाहेरून चालून येतात ती राक्षस, आणि आत बिळात लपलेली, लिलिथच्या रक्तातून निघालेली पिलावळ म्हणजे माणसं. मुलं पळवणारीला सगळ्यांची आई करून टाकली! आणि शिंजीला रोबोटमध्ये कोण धरून ठेवतं? त्याची गिळली गेलेली आई. एव्हा चालवणारी तिसरी पोरगी, रेई, कुणापासून बनवली? त्याच आईपासून, आणि लिलिथपासून. मूल पोटात घेणारी, पोटातून न सोडणारी आई हा मालिकेचा कणा आहे, आणि त्याचं नाव लिलिथच असू शकतं. 'लक्ष्य २' लिहून चालणार नाही.

तिला क्रूसावर खिळणं हा मात्र आमच्या आणि वसईच्या ताईंच्या, दोघांच्याही धर्मात न बसणारा प्रकार आहे. तिथे धागाकर्ता बरोबर.

---

मुलुंडची_मिसातो

@अश्दोदकर, तुमच्या प्रतिसादाला दंडवत. माझी यादी मागे घेत नाही, पण हे तिच्यापेक्षा दहापट नेमकं आहे.

---

घाटावरचा_रोबो

लिलिथपुरतं मी मागे हटतो. क्रूसांपुरतं नाही.

---

तळकोकणी_तानाकाका

मला वाटतं सगळे चुकीच्या पुराणात शोधताय. मी नोकरीनिमित्त काही वर्षं ओसाकात होतो, त्यामुळे थोडी भीड चेपली आहे.

जपानचा स्वतःचा ग्रंथ 'कोजिकी', इ.स. ७१२. त्यात इझानामी देवी अग्नीला जन्म देताना भाजून मरते. तिचा नवरा इझानागी तिला परत आणायला पाताळात, योमीत उतरतो. ती म्हणते, बघू नकोस. तो बघतो, सडलेला देह दिसतो, पळत सुटतो आणि दारावर शिळा लावून घेतो.

आता शिंजीच्या बापाला, गेंडोला आठवा. बायको यंत्रात विरघळली. त्याने जमिनीखाली शहराएवढी पोकळी वापरून, सगळी मानवजात पणाला लावून, तिला परत आणायचा घाट घातला. पोराकडे बघायला मात्र तयार नाही. आन्नोंनी हे ठरवून केलं असा माझा दावा नाही, ही माझी वाचायची रीत आहे. पण नावं परदेशी आणि गोष्ट घरची, असं ते प्रकरण मला दिसतं. जपानला याची सवयही जुनी आहे. आपली सरस्वती तिथे बेन्झाइतेन होऊन तळ्याकाठी बसली, महाकाल दाइकोकुतेन होऊन तांदळाच्या पोत्यांवर हसत उभा राहिला. कुणाला विचारून केलं नाही, आणि त्या मूर्तींना कुणी रंगरंगोटी म्हणत नाही.

आणखी एक. सहाव्या भागात साऱ्या जपानची वीज, १८ कोटी किलोवॅट, एका बंदुकीत ओतून नेम धरतात. त्या मोहिमेचं नाव 'याशिमा'. ११८५ च्या याशिमाच्या लढाईत नासु नो योइचीने लाटांवर हलणाऱ्या नावेतला पंखा एका बाणात पाडला, ती कथा तिथे शाळकरी पोरांना माहीत असते. मार्च २०११ च्या भूकंपानंतर विजेचा तुटवडा पडला, तेव्हा जपानी लोकांनी ट्विटरवर वीज वाचवायची हाक दिली आणि तिला नाव दिलं 'याशिमा मोहीम'. मालिकेतल्या एकाही क्रूसाच्या वाट्याला असलं भाग्य आलं नाही.

---

निवांत_बोका

सरस्वती आली. अस्त्रं अजून बाकी आहेत. पैज अर्धी जिंकलो असं धरतो.

---

घाटावरचा_रोबो

@तळकोकणी_तानाकाका, याशिमाचं उदाहरण उत्तम, पण बघा, ते तुम्हीच क्रूसांच्या विरुद्ध वापरलंत. सरस्वतीचं मात्र पटलं नाही. बेन्झाइतेनची पूजा होते, नवस बोलतात, शेकडो वर्षं. क्रूसाच्या स्फोटाला कोण नवस बोलतं? देव उचलणं वेगळं आणि देवाचं चित्र उचलणं वेगळं.

आणि शेवटचा पुरावा खुद्द आन्नोंचा. २०२१ च्या शेवटच्या चित्रपटात काय होतं? सगळे एव्हा नाहीसे. शिंजी मोठा झालेला, फलाटावरून जिना चढून बाहेर धावतो, आणि ते स्टेशन उबे-शिनकावा, आन्नोंच्या स्वतःच्या गावचं. बाहेर खरे रस्ते, खरे कारखाने. ज्याने उभं केलं त्यानेच पुराण आवरून ठेवलं.

---

मुलुंडची_मिसातो

आवरलं कशाने ते सांगायला विसरलात. त्या चित्रपटात दोन भाले आधीपासून असतात, वरून आलेले, आणि ते दोन्ही गेंडोच्या कामी येतात. शिंजीला लागतो तिसरा. तो कुठल्याही देवाने दिलेला नाही. लोकांनी आपल्याच जहाजाच्या कण्यातून तो ऐन वेळी घडवला, आणि त्या जहाजाची कप्तान मिसातो तो पोचवताना मेली. एव्हा नाहीसे झाले ते त्या भाल्याने. पुराण नकोच होतं तर बापाला एक थोबाडीत देऊनही काम भागलं असतं की!

---

घाटावरचा_रोबो

थोबाडीत जास्त आवडली असती, खरं सांगायचं तर. पण माणसांनी घडवला ना भाला? मग ते हत्यार झालं. पवित्र कसलं त्यात?

---

अश्दोदकर

@घाटावरचा_रोबो, पवित्र वस्तू सगळ्या माणसांनीच घडवलेल्या असतात हो. आमच्या सिनेगॉगमधली तोराची गुंडाळीसुद्धा एक माणूस बसून हाताने लिहितो, आणि एक अक्षर चुकलं तरी ते दुरुस्त होईपर्यंत ती वाचायला घेत नाहीत. तो चित्रपट मी पुन्हा बघणार आहे या शनिवारी, शब्बाथ संपल्यावर. भाला घडवतात तो प्रसंग नीट पाहून मग लिहितो.