मदत हवी आहे: १९७० ची शेवेल एसएस ४५४ घ्यावी की जीटीओ जज?

मंडळी, जुन्या अमेरिकन मसल कारचे (मोठ्या इंजिनाच्या ताकदवान गाड्यांचे) कुणी जाणकार इथे असतील तर सल्ला हवा आहे. मी मिशिगनमध्ये राहतो. दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर या गाड्या डोळे भरून बघतो, आता एक घ्यायचीच असं घरात ठरलंय. जपायची आणि चालवायचीही. पण रक्कम मोठी आहे, त्यामुळे उद्या विकायची वेळ आली तर किंमत टिकायला हवी.

दोन गाड्या बघितल्या आहेत. दोन्ही १९७० च्या, दोन्ही जनरल मोटर्सच्या ए-बॉडीवरच्या, म्हणजे एकाच मूळ सांगाड्याच्या.

पहिली शेवर्ले शेवेल एसएस. मालक सांगतो, एलएस६ इंजिन आहे, म्हणजे ४५४ घन इंच आणि तेव्हाच्या ग्रॉस मोजणीने ४५० हॉर्सपॉवर. सॉलिड लिफ्टरची (इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या भरीव भागांची) ती टकटक ऐकली आणि माझं मन तिथेच बसलं. घोडं अडलंय ते कागदांवर. १९७० च्या शेवेलचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) फक्त व्ही८ मालिबू, म्हणजे आठ सिलिंडरची साधी शेवेल, एवढंच सांगतो, कारण एसएस हे ऑप्शन पॅकेज होतं. त्यामुळे साध्या मालिबूला बॅज आणि बॉनेट लावून तयार केलेल्या नकला बाजारात भरपूर. बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं हे लिहिलेला कारखान्यातला कागद, मालकाकडे नाही. उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकवर इंजिनाचा कोड ठोकलेला जो सपाट पॅड असतो, तो टॉर्च लावून बघितला. सीआरव्ही ही अक्षरं आहेत, म्हणजे एलएस६ आणि मॅन्युअल गिअरबॉक्स. पण पॅड अगदी गुळगुळीत आहे, कारखान्यातल्या ब्रोचिंगच्या (पृष्ठभाग तासण्याच्या) बारीक समांतर रेषा दिसतच नाहीत. इंजिन पुन्हा बांधताना ब्लॉक डेक केला, म्हणजे त्याचा वरचा भाग तासून सपाट केला असेल तर रेषा जातात हे मान्य, पण मग अक्षरं इतकी ठसठशीत कशी राहिली? ती नंतर ठोकलेली असावीत अशी शंका येते.

दुसरी पॉन्टियॅक जीटीओ जज, ४०० घन इंचांचं रॅम एअर थ्री इंजिन, ३६६ हॉर्सपॉवर. हिचा व्हीआयएन २४२ ने सुरू होतो, म्हणजे जीटीओ आहे यात शंका नाही. जजचा ऑप्शन आणि इंजिन पॉन्टियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून (जुन्या पॉन्टियॅकच्या नोंदी पुरवणाऱ्या संस्थेकडून) आलेल्या मूळ बिलाच्या प्रतीत स्पष्ट आहे. मागच्या काचेखाली आणि डिकीच्या पत्र्याला गंज आहे, पुढच्या एंड्युरा (गाडीच्या रंगाच्या लवचीक) बंपरच्या रंगाला तडे गेलेत. ही कामं करून घेता येतील.

माझा कल जीटीओकडे झुकतोय. ताकदीचा फरक मोठा आहे, तरी कागद नसलेल्या एलएस६ साठी अस्सल एलएस६ ची किंमत मोजणं मला पटत नाही.

दोन गोष्टी कृपया सांगा. शेवेलची बिल्ड शीट बऱ्याचदा पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगमध्ये सापडते. सौद्याआधी माझ्या खर्चाने टाकी उतरवून बघू द्या, असं मालकाला म्हणणं या व्यवहारात रीतसर धरतात का? आणि शीट सापडलीच नाही, तर निव्वळ ४५४ बसवलेली मालिबू समजून किती खाली मागावं? शेवेलच्या मालकाला शनिवारपर्यंत कळवायचं आहे.