दिवाळी अंक, दुसरं प्रूफ : पान ३१ अर्धं कोरं

प्रेषक : संपादक ताई

काका, नमस्कार.

दुसरं प्रूफ रात्री वाचून काढलं. पान ३१ वर मजकूर निम्म्यात थांबतो, खालची जागा कोरी, आणि साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटांच्या विहिरीचा फोटो पान ३२ वर एकटाच. समितीतल्या एकाने फाइल उघडून रुंदी आणि उंची असे दोन्ही आकडे घातले. फोटो जागेत बसला, पण विहिरीची कमान बसकी दिसायला लागली, म्हणून बदल परत काढला. शिवाय पान ४४ वर पाककृतीचा फोटो शेजारच्या स्तंभावर चढलाय. पुढच्या वर्षी हे काम इथल्या कुणालातरी शिकायचंच आहे, तेव्हा उत्तर सगळ्यांना द्याल का?

प्रेषक : काका, सांगली

ताई, नमस्कार. सगळ्यांसाठीच सविस्तर लिहितो.

आधी पान ३१. आपला मजकुराचा चौकोन १२ सें.मी. रुंद आणि १८ सें.मी. उंच. विहिरीचा फोटो मोबाइलवर उभा काढलेला, ३००० बाय ४००० पिक्सेल. लेटेक म्हणजे आपल्या अंकाची पानं मांडणारं सॉफ्टवेअर. मी त्याला फक्त एवढंच सांगितलं होतं की रुंदी ओळीएवढी घे. त्याने १२ सें.मी. रुंदी घेतली, त्या हिशेबाने उंची १६ झाली. पानावर उरले होते ९. फोटो मावेना म्हणून तो पुढच्या पानावर गेला आणि मागे पांढरी जागा राहिली. चूक माझी, मी उंचीला मर्यादाच घातली नव्हती.

कमान बसकी का झाली? दोन्ही आकडे नुसते दिले की लेटेक ते जसेच्या तसे पाळतं, फोटो ओढून-ताणून बसवतं. त्या ओळीत ‘कीपअ‍ॅस्पेक्टरेशो’ हा एक शब्द हवा. तो असला की दोन्ही आकडे कमाल मर्यादा होतात. फोटो आपलं प्रमाण राखून वाढतो आणि ज्या मर्यादेला आधी टेकेल तिथे थांबतो. सांगलीच्या आयर्विन पुलाचा आडवा फोटो आपण चारास एक असा कापलाय. तो रुंदीला आधी टेकतो, १२ बाय ३ होतो, कुठेही बसतो. विहीर मात्र खोल, तिचा फोटो उभाच येणार आणि तो उंचीला आधी टेकणार. म्हणून अंकातल्या सगळ्या फोटोंना एकच रुंदी लावायची सवय आपण सोडायला हवी.

आता ‘उरलेली जागा’ किती, हे लेटेकलाच विचारता येतं. पान किती भरायचंय ते ‘पेजगोल’मध्ये असतं, किती भरलंय ते ‘पेजटोटल’मध्ये. वजाबाकी केली की झालं. पण दोन ठिकाणी फसगत होते. परिच्छेद संपल्याशिवाय विचारलं तर आकडा जुना मिळतो, कारण चालू परिच्छेदाच्या ओळी पानाच्या हिशेबात अजून आलेल्याच नसतात. म्हणून आधी परिच्छेद बंद करायचा, मग विचारायचं. दुसरं, पान अगदी कोरं असेल तेव्हा पेजगोलमध्ये भलताच प्रचंड आकडा असतो. तो आला तर सरळ पानाची पूर्ण उंची धरायची. आणि हे करताना फोटो ‘फिगर’च्या तरंगत्या चौकटीत ठेवायचा नाही. ती चौकट स्वतःच्या मर्जीने जागा शोधते, मग आपल्या वजाबाकीला काही अर्थ उरत नाही.

फोटोओळ विसरू नका! उरलेले ९ सें.मी. सगळे फोटोला दिले तर ओळ पुढच्या पानावर पडते, ते कोऱ्या जागेपेक्षा वाईट दिसतं. ओळ आणि वरखालची मोकळीक मिळून दीड सें.मी. राखले. राहिले साडेसात. त्या उंचीला विहीर साडेपाच सें.मी.हून जराशी जास्त रुंद येते.

इथेच माझं मन मानेना. साडेपाच सें.मी.मध्ये कमानीखालचं दगडी काम दिसत नाही. लेख त्या दगडी कामावर आहे, लेखिकाबाईंनी पायऱ्या उतरून, थांबून लिहिलंय. तेव्हा मी फोटो लहान केला नाही. फोटोच्या पुढचे दोन परिच्छेद ३१ वर ओढले आणि फोटो ३२ च्या डोक्यावर पूर्ण १२ सें.मी. घेतला. उंची १६, खाली ओळ, पान भरलं. काल हरभट रोडवर प्रिंट काढून बघितली, दगडांचे सांधे मोजता येतात.

पान ४४ सोपं होतं. तिथे ‘टेक्स्टविड्थ’ लिहिलं होतं, म्हणजे दोन्ही स्तंभ मिळून पूर्ण रुंदी. ‘लाइनविड्थ’ लिहिलं की फोटो त्या त्या स्तंभापुरता राहतो.

प्रेषक : दादा, आठवणींचं सदर

काका, आमच्या आजोबा-आजींच्या लग्नाचा फोटो पाठवलाय. तो पूर्ण रुंदीत हवा होता, तुम्ही ५ सें.मी.वर आणलात. मोठा करून चौकट भरता नाही का येणार? कडेचं थोडं कापलं तरी चालेल.

प्रेषक : काका, सांगली

दादा, कापायला माझा हात धजत नाही. चौकट काठोकाठ भरायची तर जे जास्तीचं ते बाहेर जातं, आणि या फोटोत कडेला माणसं आहेत. डावीकडे टोकाला नऊवारीतल्या बाई उभ्या आहेत, कडेवर मूल आहे. चौकट भरली तर त्या अर्ध्या जातात. त्या कोण, हे तुमच्याच घरात कुणालातरी ठाऊक असेल.

लहान केला त्याचं कारण वेगळं आहे. तुमचा फोटो फिरत फिरत आलाय, रुंदी जेमतेम ६०० पिक्सेल. छपाईला इंचाला ३०० धरतो, म्हणजे २ इंच, ५ सें.मी. १२ सें.मी.ला ताणला तर इंचाला १२७ उरतात आणि चेहरे पुसट होतात. मांडणीचं सॉफ्टवेअर जागा भरून देईल, पण फोटोत नसलेला तपशील कुठून आणणार?

मूळ फोटो मिरजेला तुमच्या वहिनींकडे आहे असं तुम्हीच लिहिलं होतंत. पोस्टकार्डाएवढा असेल तर १४ सें.मी. लांबी, ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल धरून, स्कॅन केला की ३३०० पिक्सेल मिळतात. मग पूर्ण रुंदी खुशाल घेऊ. वहिनींची हरकत नसेल तर मी शुक्रवारी सकाळी स्कॅनर घेऊन जातो, फोटो घराबाहेर न्यायची गरज नाही.

प्रेषक : दादा, आठवणींचं सदर

काका, वहिनींशी बोललो. फोटो देवघराबाहेर भिंतीवर आहे, फ्रेममध्ये. शुक्रवारी दहानंतर कधीही या म्हणाल्या. कडेवर मूल असलेल्या त्या बाई म्हणजे आजीची थोरली बहीण, तासगावची. फोटोओळीत त्यांचं नातं घालायचंच.

प्रेषक : काका, सांगली

घालतो. वहिनींना एवढं सांगा, मी येईपर्यंत फ्रेम उघडू नका. जुने फोटो काचेला चिकटलेले असतात, ओढला तर चेहऱ्यांचा थरच निघून येतो. चिकटलेला असला तर काचेसकट स्कॅन करू. पान ५२ वर १२ बाय ९ ची जागा राखून ठेवली आहे.