आजोबांच्या पॉइंट टू टू रायफलीचा दस्ता न कापता माझ्या मापाचा करता येईल का? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

माझे आजोबा निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार होते. त्यांची रुगर १०/२२ ही पॉइंट टू टू (सुमारे ०.२२ इंच व्यासाच्या गोळीची) अर्धस्वयंचलित रायफल त्यांच्या पश्चात रीतसर परवान्यासह माझ्या नावावर झाली आहे. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स (गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून नेमबाजी) या रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून मलाही नेमबाजी मनापासून शिकावीशी वाटते आहे. त्या प्रकारात प्रत्येक काडतूस हाताने भरावी लागणारी एकबारी रायफलच चालते, त्यामुळे ही रायफल स्पर्धेच्या उपयोगाची नाही, हे मी जाणते. मला ती केवळ सरावासाठी, परवानगी असलेल्या रेंजवरच वापरायची आहे.

मुख्य अडचण दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी भागाची आहे. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे साडेतेरा इंच भरते. माझी उंची पाच फूट असल्यामुळे रायफल खांद्याला लावली की मान पुढे ताणावी लागते आणि दहा-बारा गोळ्यांनंतर डावा हात थरथरू लागतो. एका कारागिराने दस्ता मागून इंचभर कापून देण्याची तयारी दाखवली, पण आजोबांचा हात पन्नास वर्षे ज्या लाकडावर फिरला, त्याला करवत लावायला मन धजावत नाही. या रायफलीचा दस्ता एक स्क्रू आणि पुढचा पट्टा सोडवला की निघतो. म्हणून मूळ दस्ता जपून ठेवावा आणि आखूड दस्ता वेगळा बसवावा, असा माझा विचार आहे.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ नुसार परवान्याशिवाय नळी आखूड करता येत नाही आणि कलम ५ नुसार दुरुस्तीचे कामही परवानाधारकाकडूनच करून घ्यावे लागते, एवढे मी वाचले आहे. नळीला आणि चापाच्या यंत्रणेला मी हात लावणारच नाही. परंतु नुसता दस्ता बदलण्यापूर्वी किंवा वर दुर्बीण बसवण्यापूर्वी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेला लेखी कळवणे आवश्यक असते का? ज्यांनी असे काम स्वतः करून घेतले आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे. नाशिकमध्ये किंवा मुंबई-पुण्याला असे काम जपून करणारा परवानाधारक बंदूक कारागीर माहीत असल्यास तेही कळवावे.

आणखी एक शंका आहे. कमी वेगाच्या सरावाच्या काडतुसांनी कधीकधी रिकामे टरफल बाहेर न पडता अडकते. या रायफलीचा बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) काडतुसाच्या धक्क्यानेच मागे जातो, म्हणजे धक्का अपुरा पडत असावा. की आत साचलेली काजळी कारणीभूत असेल? नळी मागच्या बाजूने सरळ साफ करता येत नाही आणि तोंडाकडून सळई घातली तर तिथली कड झिजण्याची भीती वाटते. तुम्ही सफाई नेमकी कशी करता?

दस्त्याची मापे आणि छायाचित्रे हवी असल्यास देते.