मदत हवी आहे : बाहा कॅलिफोर्नियात मासेमारीसाठी साधा किनारी कॅम्प

नमस्कार मंडळी, आम्ही सॅन डिएगोला राहतो. ऑक्टोबरअखेर बाबांना घेऊन गाडीने मेक्सिकोत मासेमारीला जायचं आहे. बाबा मालवणचे, वय ७०. गळ हातात आला की तहानभूक विसरतात. त्यांना हॉटेल नकोच. झावळ्यांचं छप्पर, समोर समुद्र आणि पहाटे निघणारी पांगा, म्हणजे तिथली छोटी मोटरहोडी, एवढंच हवं.

दोन जागा मनात आहेत. गोन्झागा बे जवळ पडतं आणि हायवे ५ने जाता येतं. बाहिया दे लोस आंजेलेस बरंच लांब, पण समोर बेटांची रांग असल्याने यलोटेल मासा मिळायची आशा तिथे जास्त वाटते. माझा कल तिकडेच आहे. काळजी एकच, उत्तरेच्या वाऱ्याची. तो सुटला की होड्या किनाऱ्यालाच राहतात, म्हणून एक-दोन दिवस हाताशी जादा ठेवणार आहे.

होडीत बसणाऱ्या प्रत्येकाचा मासेमारी परवाना आणि गाडीचा मेक्सिकन विमा काढणार आहोत.

तिथे राहून आलेल्यांनी कृपया सांगा : कुठल्या कॅम्पवर गोडं पाणी आणि बऱ्यापैकी संडास आहे? बाबांचे गुडघे दुखतात, तर होडीत चढताना पाण्यात कितपत उतरावं लागतं? ओहोटीला किनारा फार लांब जातो का? मासे ठेवायला बर्फ तिथे मिळतो की इथूनच न्यावा? आणि वयस्कर माणसाला सांभाळून नेणारा होडीवाला कुणाच्या माहितीत असेल तर जरूर कळवा.