मोटर ब्रिगेड आणि लॉरीड इन्फन्ट्री: फरक काय?

वाळूतली_वाट: दुसऱ्या महायुद्धातल्या उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेवर वाचतोय आणि एका ठिकाणी अडलोय. ब्रिटिशांच्या चिलखती डिव्हिजनमध्ये कधी 'मोटर ब्रिगेड' दिसते, कधी 'लॉरीड इन्फन्ट्री ब्रिगेड'. दोन्हींत तीन-तीन बटालियन, दोन्ही गाड्यांतूनच फिरतात. मग दोन नावं कशाला? आणि मोटर बटालियनमध्ये माणसं कमी का? एल अलामीनच्या लढाईतल्या 7व्या मोटर ब्रिगेडचा तक्ता करतोय. त्यात रायफल ब्रिगेडच्या 2 आणि 7 क्रमांकाच्या बटालियन, शिवाय किंग्ज रॉयल रायफल कोअरची 2री. (रायफल ब्रिगेड हे रेजिमेंटचं नाव आहे, ब्रिगेड नव्हे.)

निवृत्त_हवालदार: मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीत सोळा वर्षं काढली, म्हणून हा प्रश्न जिव्हाळ्याचा. गाडी कुणाची, एवढंच आधी विचारा.

लॉरीड पायदळाला सर्व्हिस कोअरच्या (पुरवठा-वाहतूक दलाच्या) लॉऱ्या आणून सोडत आणि मागे निघून जात. उतरल्यावर ते साधं पायदळच. मोटर बटालियनमध्ये गाडी सेक्शनची स्वतःची. आठ जणांचं सेक्शन, ड्रायव्हर त्याच आठांत. पाणी, पेट्रोल, दारूगोळा, पांघरुणं सगळं त्याच गाडीत, म्हणून रणगाडे जातील तिकडे ते दिवसच्या दिवस सोबत राहू शकत. रात्री रणगाडे एकत्र थांबले की भोवती पहारा त्यांचाच. सुरुंगांतून काढलेली वाट धरून ठेवणं, पुढे जाऊन टेहळणी करणं, हीही त्यांचीच कामं. पक्क्या मोर्च्यावर पायी हल्ला चढवायला मात्र लॉरीड ब्रिगेडच हवी, कारण तिथे माणसं जास्त लागतात.

गाडीतून उतरल्यावर माणसं किती कमी पडतात, हे मी अंगावर घेतलेलं आहे. बीएमपी-2 मध्ये (पायदळाची चिलखती गाडी) दहा जण असतात. तिघे गाडीचे, उतरणारे सात. मागच्या भागात सहा जण पाठीला पाठ लावून बसतात, मधे इंधनाची टाकी, आणि मागची दारं आतून पोकळ, त्यांतही डिझेल. सरावाला एक जण रजेवर, एक आजारी, की जमिनीवर पाचच. त्या पाचांना घेऊन नाला ओलांडायचा असतो. कागदावरचा दहाचा आकडा तिथे कामाला येत नाही.

जुने_नकाशे: हवालदारसाहेबांशी सहमत. एक भर: मोटर बटालियनची माणसं तोफांवरही जातात. एल अलामीनमधलीच, 26-27 ऑक्टोबर 1942 ची 'स्नाइप' नावाच्या मोर्च्याची लढाई बघा. तुमच्याच तक्त्यातली रायफल ब्रिगेडची 2री बटालियन, सोबत एका रणगाडाविरोधी बॅटरीच्या तोफा. सगळ्या मिळून सहा-पौंडी तोफा 19 आणि माणसं तीनशेच्या आत. दिवसभर वेढ्यात राहून त्यांनी तीसहून अधिक रणगाडे निकामी केले. कमांडर लेफ्टनंट कर्नल टर्नर यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणून तक्त्यात सपोर्ट कंपनी (तोफा आणि जड शस्त्रांची) पूर्ण लिहा, रायफल कंपन्यांवर थांबू नका.

आणि आपली 3री भारतीय मोटर ब्रिगेड विसरू नका. 2 लान्सर्स, 11 आणि 18 कॅव्हलरी, म्हणजे मुळात घोडदळ. एप्रिल 1941 मध्ये लिबियातल्या मेकिलीला त्यांच्याकडे ट्रक होते, पण चिलखती गाड्या नव्हत्या. तिथून राजेंद्रसिंहजी आपला स्क्वॉड्रन घेऊन वेढा फोडून निसटले. पुढे तेच लष्करप्रमुख झाले. 27 मे 1942 ला बीर हकीमजवळ इटलीच्या आरिएते डिव्हिजनचे रणगाडे याच ब्रिगेडवर चालून आले आणि ब्रिगेड उद्ध्वस्त झाली. पोरांनी शर्थ केली, पण त्यांना पुरेशा तोफा कुणी दिल्याच नव्हत्या. याची मला आजही चीड येते.

वाळूतली_वाट: दोघांचेही आभार. जर्मन पान्झरग्रेनेडिअर (रणगाड्यांसोबतचं पायदळ) सगळे हाफ-ट्रॅकमध्येच (पुढे चाकं, मागे पट्टे असलेली चिलखती गाडी) असत ना?

जुने_नकाशे: नाही. पान्झर (रणगाडा) डिव्हिजनमध्ये त्यांच्या साधारण चार बटालियन. त्यांतली बहुधा एकच हाफ-ट्रॅकवर, बाकी ट्रकमध्ये. फोटो मात्र हाफ-ट्रॅकचेच जास्त छापले जातात. आपल्या चिलखती डिव्हिजनमधल्या सगळ्या पायदळाला हाफ-ट्रॅक दिले ते अमेरिकनांनीच: 1943 च्या रचनेत बटालियनला 1001 माणसं आणि प्रत्येक रायफल प्लाटूनला पाच गाड्या.

निवृत्त_हवालदार: तिथेही ड्रायव्हर गाडीतच राहायचा. तक्त्यात एक रकाना वाढवा: 'उतरल्यावर किती'. भरून झाला की इथे टाका, मी तपासून देतो.